ड्रमच्या पोटातली पिवळी चिमूट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. मी एक जुना लोखंडी ड्रम आहे, कोंबड्यांचं खाद्य कालवायचा, आणि अंगाने एवढा दणकट असूनही माझ्याइतकं घाबरट या आवारात दुसरं कुणी नाही. वारा सुटला, दार आपटलं, कुणी जोरात खोकललं, तरी माझा पत्रा झणझणतो. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसली आलीय भीती? हसा, खुशाल हसा. पण माझ्या पोटात काय काय येऊन गेलं ते ऐका आणि मग बोला.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. तेव्हा माझ्यात यंत्राचं तेल भरलेलं असायचं. तेल संपलं आणि मला एका वर्कशॉपच्या मागे, रिकाम्या ड्रमांच्या रांगेत नेऊन टाकलं. तिथे एक माणूस घण घेऊन यायचा, रांगेतला एखादा ड्रम आडवा पाडायचा आणि ठोकून ठोकून त्याचा सपाट पत्रा करायचा. मी रांगेत कितवा आहे हे मला दिसत नव्हतं. फक्त घणाचा आवाज रोज थोडा जवळ यायचा. भीती म्हणजे काय हे मी तिथे शिकलो, आणि शिकलेलं ते पुन्हा काही विसरलो नाही.

मला वाचवलं एका वेल्डरने. त्याच्या थोरल्या बहिणीने कोंबड्यांची शेड नुकतीच उभी केली होती आणि तिला खाद्य कालवायला काहीतरी हवं होतं. त्याने माझ्या कुशीत चौकोनी खिडकी कापली, तिला बिजागरीचं झाकण लावलं. पोटातून आरपार एक पाइप घातला, आत पात्या जोडल्या, बाहेर हँडल बसवलं आणि मला चौकटीवर तिरकं टांगलं. तिरकं का, तर फिरताना आतलं खाद्य या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळावं, एका जागी बसून राहू नये. सगळं झाल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि बहिणीला म्हणाला की हा तुझ्या खांद्यांचं पीठ करेल, पण खाद्य मात्र एकजीव देईल. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

त्या बहिणीला घरात सगळे थोरली म्हणायचे, म्हणून मीही थोरलीच म्हणतो. घरात दोन जावा, थोरली आणि धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघे मिळून एक ट्रक चालवायचे, त्यामुळे घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. शेड थोरलीची. जमीन चोपण्यापासून जाळी ठोकण्यापर्यंत सगळं तिने स्वतः केलेलं. धाकटी शेडच्या कामात आली ती पुष्कळ उशिरा. ती आधी स्वयंपाकघर सांभाळायची आणि शेडच्या दारात नाकाला रुमाल लावून उभी राहायची. थोरली तिला चिडवायची, की कोंबडी ताटात चालते, नाकाला मात्र चालत नाही होय?

आमचं काम ठरलेलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पिल्लं यायची, मुठीत मावतील एवढी. त्यांना ऊब द्यायला वर बल्ब, खाली तुसाची जाड गादी. सकाळी थोरली माझ्यात भरडलेला मका, सोयाबीनची पेंड आणि बाकीचं ओतायची, झाकण लावायची आणि हँडल फिरवायची. मी करकरत गोल फिरायचो. काही आठवड्यांत ती पिल्लं जड, पांढरीशुभ्र होऊन गाडीतून निघून जायची आणि शेड धुऊन पुढची खेप यायची. कुठे जायची, ते मला ठाऊक आहे मित्रांनो, उगाच तुमच्यापासून लपवत नाही. पण जोवर ती इथे आहेत तोवर त्यांचं पोट माझ्या हवाली आहे, असं मी धरून चाललो होतो.

आणि प्रत्येक खेपेला, अगदी पहिल्या दिवसापासून, खाद्यात पिवळं औषध पडायचं. पिल्लं आजारी असोत वा नसोत. रोगजंतू मारायची ती पूड. चिमूट चिमूट रोज द्यायची, म्हणजे वजन लवकर भरतं आणि रोग फिरकत नाही, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. ती टाकताना थोरलीचा चेहरा कसा निवांत व्हायचा ते मी रोज बघत होतो. त्या पुडीने पिल्लांना काय मिळायचं कोण जाणे, थोरलीला मात्र झोप मिळायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग ती खेप आली.

सुरुवात कशी झाली सांगू? आवाजाने. एरवी सकाळी शेडमध्ये एवढा कलकलाट असतो की माझी करकर कुणाला ऐकू येत नाही. त्या दिवशी मला माझी करकर स्वच्छ ऐकू आली. माझं धाबंच दणाणलं. शेडच्या एका कोपऱ्यात पिल्लं पिसं फुलवून, माना आत ओढून गोळा झाली होती. खाद्याकडे बघतही नव्हती. थोरलीने पिवळं औषध वाढवलं. मग आणखी वाढवलं. काही उपयोग नाही. रोज घमेली भरून बाहेर जात होती, त्यात काय होतं ते मी सांगत नाही. शेवटी तर थोरली सकाळी दारापाशी यायची, कडीवर हात ठेवायची आणि आत न जाता नुसती कान देऊन उभी राहायची. आतून आवाज येतोय का ते ऐकायची.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या तोवर उशीर झाला होता. त्यांनी सांगितलं की औषध रोज थोडं थोडं खाऊन इथले रोगजंतू त्याला सरावले आहेत. आता ते औषधाला भीक घालत नाहीत. थोरलीने शेड रिकामी केली, चुना मारला आणि मला नेऊन मागच्या भिंतीशी उपडं घातलं.

ते दिवस फार वाईट. माझ्या तोंडात गवत शिरलं, पात्यांवर कोळ्यांनी जाळी केली. गंज तर असा चढत होता की मला वाटलं, आता आपला नंबर लागला. एक भंगारवाला येऊन माझ्यावर बोटाने टकटक करून गेला, डॉक्टर छाती तपासतात तसा. थोरली त्याला म्हणाली, बघू पुढच्या वेळी. तो पुढच्या वेळी कधी येणार या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. आवाराचं फाटक वाजलं की मला घणाचा आवाज ऐकू यायचा.

फाटकातून एक दिवस धाकटी आली, हातात पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन. ती डॉक्टरीणबाईंकडे खेपा घालत होती, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. नाकाला रुमाल लावणारी बाई, पण थोरली जेवेनाशी झाली हे तिला बघवत नव्हतं. ती थोरलीला म्हणाली, आणखी एकदा करून बघू, पण या वेळी पिवळं औषध नको, ही पावडर घालू.

थोरलीने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "ही शेवटची खेप. ही पण गेली तर शेडला कुलूप. मग या घरात कोंबडीचं नावसुद्धा काढायचं नाही."

मला सरळ केलं, घासलं, उन्हात वाळवलं. धाकटीने मला आतून इतकं पुसलं, की शेवटी फडकं पांढरंच्या पांढरं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहून दोघींना समजावून सांगू लागल्या. त्या म्हणाल्या, या पावडरीत जिवंत जंतू आहेत.

मित्रांनो, माझ्या तोंडचं पाणीच पळालं. जंतू? जिवंत? माझ्या पोटात? ज्यांच्यामुळे आधीची अख्खी खेप गेली, त्यांचेच भाऊबंद डबा भरून आणलेत आणि वर माझ्यात ओतणार आहेत! मला पाय असते तर मी त्याच क्षणी फाटकाबाहेर असतो.

पण बाईंनी पुढे जे सांगितलं ते ऐकून मी जरा थाऱ्यावर आलो. त्या म्हणाल्या, सगळे जंतू वाईट नसतात. दुधाचं दही करणारे असतात ना, त्यांच्याच जातकुळीतले हे. पिल्लांच्या आतड्यात हे आधी जाऊन बसले की वाईट जंतूंना बसायला जागा उरत नाही. बाकावर आधीच माणसं बसलेली असली की मागून येणाऱ्याला उभंच राहावं लागतं, आणि उभा राहून कंटाळला की तो निघून जातो, तसं. शिवाय खाल्लेलं नीट पचतं, अंगी लागतं. मात्र पावडर उन्हात ठेवायची नाही, गरम पाण्यात कालवायची नाही. आधी पसाभर खाद्यात मिसळायची, मग ते सगळ्या खाद्यात.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, की पिवळं औषध आणि ही पावडर एकत्र कधीच नको. औषधाला चांगला-वाईट कळत नाही, ते समोर येईल त्याला मारतं. धाकटीने मान हलवली. थोरलीनेही हलवली. मी दोन्ही माना पाहिल्या आहेत.

पिल्लं आली. सकाळी धाकटी पावडर मोजून पसाभर खाद्यात कालवायची, माझ्यात टाकायची आणि घरात जायची. हँडल थोरलीचं, ते तिने कुणाला दिलं नाही. पहिल्या दिवशी मी अगदी अलगद फिरलो. पोटात एवढे जीव, धक्का लागला तर काय घ्या! वेल्डरने मला आणखी थोडं गुळगुळीत केलं असतं तर बरं झालं असतं, असंही मनात आलं. मी त्या जंतूंना घाबरत होतो, आणि त्यांच्यासाठीही घाबरत होतो. एकाच पोटात दोन्ही भीती मावतात, मी सांगतो ना.

आणि मग तो दिवस आला, जो आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

धाकटी पावडर टाकून घरात गेली. थोरलीने झाकण लावलं नाही. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, एप्रनच्या खिशात हात घातला आणि कागदाची एक पुडी काढली. मला वास आला. तो वास मी विसरेन कसा! तिने पिवळी चिमूट माझ्या पोटात सोडली, ओणवी होऊन माझ्या खिडकीशी तोंड आणलं आणि हळूच म्हणाली, "पोटात ठेव. कुणाला सांगू नकोस."

कुणाला सांगणार होतो मी! मला तोंड आहे, पण ते भरण्यापुरतं.

ती दुष्ट नव्हती, मित्रांनो. उलट दारावर एका राखणदाराऐवजी दोन असलेले बरे, असा तिचा साधा हिशेब होता. एवढीशी चिमूट, तिने काय बिघडतंय? पण आत काय चाललं असेल या विचाराने माझे हातपाय गळाले. म्हणजे असते तर गळाले असते. ती हँडल फिरवत होती, आणि मी फिरत होतो, आणि फिरताना मीच त्या पिवळ्या पुडीला कोपऱ्याकोपऱ्यात नेत होतो. नीट कालवणं हेच माझं काम. एकही कण सुटू नये म्हणून तर मला तिरकं टांगलेलं. मी अडून बसायचा प्रयत्न केला, करकरलो, कुरकुरलो. थोरलीने पाइपाला तेल सोडलं आणि मी गपगार फिरू लागलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूट. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी धाकटीची पावलं दूर गेली की कागद उलगडल्याची खसखस ऐकू यायची.

मग पिल्लांची विष्ठा पातळ झाली. तूस ओलं होऊन पायांना चिकटू लागलं. काही पिल्लं पंख पाडून उभी राहू लागली, आणि एका सकाळी मला पुन्हा माझी करकर ऐकू आली. थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी चिमटीऐवजी तिची अख्खी मूठ खिशातून बाहेर आली.

एक घमेलं बाहेर गेलं. मग दुसरं.

त्याच दुपारी धाकटी एकटी माझ्यापाशी आली. माझ्या पत्र्याला कपाळ टेकून ती रडली. थोरलीला आपण गळ घातली, तिने विश्वास ठेवला, आणि आता आपल्या पावडरीनेच तिची शेड जाणार, असं काहीबाही ती पुटपुटत होती. या कुशीला थोरलीचं गुपित, त्या कुशीला धाकटीचे हुंदके, आणि मध्ये मी, ठार मुका. इतका वेळ मी बहुतेक स्वतःसाठीच घाबरत होतो. त्या दुपारी पहिल्यांदा मी त्या दोघींसाठी घाबरलो. एकमेकींना काही न सांगता दोघी एकाच घरात खचत चालल्या होत्या.

धाकटीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पावडर उन्हात होती का? नाही. पाणी गरम होतं का? पाणी घातलंच नाही. खाद्यात औषध पडलं का? छे, औषध घरातच नाही. मग बाई म्हणाल्या असाव्यात, की ड्रम आतून एकदा बघा, जुनं काही चिकटून कुबट झालंय का.

धाकटी ओलं फडकं घेऊन माझ्या खिडकीतून खांद्यापर्यंत आत वाकली. माझी पाचावर धारण बसली. वेल्डरने पात्या जोडल्या तिथे एक खडबडीत शिवण आहे, खाद्य निघून गेलं तरी बारीक पूड तिथे अडकून राहते. मी मनात म्हटलं, पूस, बाई, तिथे पूस. आणि लगेच वाटलं, नको, पुसू नकोस, दोघींचं कायमचं फाटेल.

तिने पुसलं. हात बाहेर काढला. फडकं पिवळं झालं होतं, आणि त्याला औषधाचा वास येत होता.

ती फडक्याकडे बघत राहिली. हाच ड्रम तिने स्वतः, पांढरं फडकं निघेपर्यंत पुसला होता. म्हणजे हे जुनं नव्हतं. तेवढ्यात थोरली हातात रिकामी बादली घेऊन आली आणि जागीच थांबली. दोघींच्या मध्ये मी होतो. धाकटीने फडकं तिच्यासमोर धरलं, आणि त्या फडक्याने मला घणापेक्षा जास्त घाबरवलं.

"मीच," थोरली म्हणाली.

"का, ताई?"

"मला भीती वाटत होती."

"मग मला सांगायचंत."

"काय सांगू?" थोरलीने बादली खाली ठेवली. "थोरली आहे मी. मीच घाबरले म्हटल्यावर तू कुणाकडे बघणार होतीस?"

मला वाटलं, आता धाकटी ओरडणार. दुपारभर जो दोष तिने स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, तो उचलून आदळणार. तिचा चेहरा तसा झालाही होता. पण ती मटकन खाली बसली, त्या पिवळ्या फडक्याची घडी घालत राहिली, उलगडत राहिली आणि शेवटी म्हणाली, की बाईंना बोलावते.

डॉक्टरीणबाई आल्या. दोघींनी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या शेडमध्ये फिरल्या, पिल्लं हातात घेऊन चाचपली, मेलेली उघडून पाहिली. मी बाहेर जीव मुठीत धरून उभा होतो. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, हा मागच्या खेपेचा रोग नाही. आतडी बिघडली आहेत. चिमूटभर औषध सगळ्यात वाईट, ते रोग पुरता मारत नाही आणि चांगल्यांना जगू देत नाही. औषध पूर्ण बंद. ओलं तूस काढून टाका, अशक्त पिल्लं वेगळी ठेवा, पावडर चालू ठेवा. अजून काही जातील, त्याची तयारी ठेवा. खरंच औषधाची गरज पडली तर ते मी देईन, पूर्ण देईन. तुम्ही मनाने देऊ नका.

मला पुन्हा घासलं. दोघींनी मिळून घासलं. त्यांच्या हातांत राग होता, माझ्या पाठीला तो कळत होता. पुड्या होत्या तेवढ्या धाकटीने बाईंसोबत दवाखान्यात पाठवून दिल्या.

होत्या तेवढ्या म्हणजे, थोरलीने काढून दिल्या तेवढ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आणखी पिल्लं पडली होती. धाकटीने पावडर टाकली आणि घमेलं घेऊन शेडच्या मागे गेली. थोरली हँडलपाशी आली. तिचा हात एप्रनच्या खिशात गेला आणि पुडी घेऊन बाहेर आला. झाकण उघडंच होतं. पुडीची घडी सुटली. माझ्या खिडकीच्या बरोबर वर तिची बोटं होती आणि ती अशी कापत होती, की आपणहून नाही टाकली तरी सांडेल. मी आयुष्यात पुष्कळ घाबरलो, मित्रांनो, पण त्या क्षणाएवढा कधीच नाही. एक चिमूट, आणि आतले सगळे पुन्हा गेले असते. एक चिमूट, आणि त्या दोघींमध्ये पुन्हा कधी खरं बोलणं झालं नसतं.

"अगं ए," थोरलीने हाक मारली. तिने पुन्हा मारली. "अगं, इकडे ये. लवकर ये. हे माझ्या हातातून काढून घे."

धाकटी धावत आली. तिने पुडी पाहिली. काही न विचारता थोरलीची मूठ दोन्ही हातांत धरली.

"मला भीती वाटतेय," थोरली म्हणाली. "मी टाकीन. एकटी असले तर टाकीनच."

"मलापण वाटतेय, ताई. कालपासून मला नुसती घमेलीच दिसताहेत."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, आपली धाकटी जाऊ घाबरते हे तिला तेव्हाच कळलं, आणि नवल म्हणजे ते कळल्यावर तिचे हात कापायचे थांबले. पुडी धाकटीने स्वतःच्या खिशात टाकली. मग थोरलीने झाकण लावलं आणि हँडलचा अर्धा भाग मोकळा ठेवला. तिथे धाकटीने हात घातला. दोघींनी मिळून मला फिरवलं. दोघींची लय जुळत नव्हती, मला नुसते हिसके बसत होते, पण मी तक्रार केली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. रोज काही पिल्लं जात होती. थोरलीला दिवसातून कितीतरी वेळा भीतीचा झटका यायचा आणि प्रत्येक वेळी ती हाक मारायची. धाकटी कधी ओल्या हातांनी यायची, कधी तोंडात घास घेऊन. कधी उलट व्हायचं, धाकटीच माझ्या चौकटीवर येऊन बसायची आणि थोरलीला बोलवायची. मग घमेलं एके दिवशी रिकामंच परत आलं. तूस कोरडं राहू लागलं. पिल्लं खाद्यावर तुटून पडू लागली, आणि सकाळच्या कलकलाटात माझी करकर बुडून गेली. खेप काही फार भरघोस गेली नाही. बरीच पिल्लं गमावली होती. पण गाडी आली, तराजू लागला, जगलेली पिल्लं वजनात भरली. कुलूप आणायला कुणी गेलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नवी पद्धत पडली आहे. माझ्यात जे टाकायचं ते मोठ्याने नाव घेऊन टाकायचं, दुसरीने ऐकल्याशिवाय झाकण लावायचं नाही. थोरली ओरडते, मका. धाकटी म्हणते, ऐकला. पेंड. ऐकली. पावडर. ऐकली. बघणाऱ्याला वाटेल, बायका ड्रमची शाळा घेताहेत. वेल्डर एकदा आला होता तो हे ऐकून पोट धरधरून हसला. दोघींनी त्याच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

आज नवी पिल्लं आली आहेत. सकाळी मका झाला, पेंड झाली, पावडर झाली. झाकणावर हात ठेवून थोरली थांबली. हवा कोंदट होती, शेजारच्या आवारातल्या कोंबड्या आजारी असल्याचं कालच कानावर आलं होतं. माझा पत्रा थंडगार पडला.

"आणि आज भीती फार आहे," थोरली मोठ्याने म्हणाली.

"ऐकली," धाकटी म्हणाली, आणि हँडलला हात लावायला आली.

मित्रांनो, माझं वय झालंय. एका पातीची जोड ढिली झाली आहे, खालच्या बाजूने गंज वर सरकतो आहे. तुमच्या ओळखीत माझ्यासारखा कुणी ड्रम, पेटी, पिंप असेल तर त्याला कोरडं ठेवा, काम झाल्यावर पुसा, उपडं टाकून विसरू नका. आम्ही पोटात घातलेलं निमूटपणे फिरवतो, चांगलं असो वा वाईट, आम्हाला नाही म्हणता येत नाही. म्हणून आमच्यात गुपचूप काही टाकू नका. भीती वाटत असेल तर शेजारी जे कुणी असेल त्याला हाक मारा. मला बोलणारं तोंड असतं तर मी पहिल्या चिमटीलाच हाक मारली असती.